मध खाणाऱ्याचं नाव

कुरखेड्याहून धानोऱ्याला जाताना परवा तो वास पुन्हा आला. मी चालकाला गाडी हळू घ्यायला सांगितली आणि काच खाली केली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सारवलेली आंगणं होती आणि त्यांवर मोहफुलं पसरलेली. आजची पिवळसर, कालची तांबूस, परवाची सुरकुतून मनुकांसारखी झालेली. या वासाचं वर्णन मी एकदा वहीत लिहून ठेवलं आहे : मनुका, ओलं गवत आणि झाकण उघडं राहिलेली मधाची बरणी. त्याहून नेमकं अजून जमलेलं नाही.

मोहाचा हंगाम दरवर्षी येतो. मला मात्र दरवर्षी एकच हंगाम आठवतो.

माझं काम वनोपजाचं. गावागावांतल्या बायकांच्या गटांना मध स्वच्छ गाळायला, फुलं मातीवर न वाळवता जाळीवर वाळवायला, बिया फोडून तेल काढायला शिकवायचं. अशा कामात याद्या लागतात. जाळ्या किती, चाळण्या किती, कुणाच्या घरी लग्न आहे, कोणती बाई बाळंत व्हायची आहे, सगळं लिहावं लागतं. एखादी गोष्ट कागदावर नावानिशी उतरली की ती आपल्या हाताशी आली, असं मला तेव्हा ठामपणे वाटत असे. निम्मं अजूनही वाटतं.

त्या वर्षी माझी मुलगी केतकी रशियात वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरात एकटी होते, म्हणून मी हंगामाचे चार आठवडे धानोरा तालुक्यातल्या मुरमाटोल्यावर मुक्काम केला. वीस-बावीस घरांची गोंड वस्ती. पलीकडे नाला, नाल्यापलीकडे मोहाची झाडं. झाडं जंगलातली, म्हणजे कागदावर कुणाचीच नाहीत. पण टोल्याच्या लेखी प्रत्येक झाडाला घर आहे. फुलं पडायच्या आधी ज्या घरची बाई झाडाखाली खराटा मारते, पाचोळा काढून जमीन लख्ख करते, ते झाड त्या घरचं. आजेसासू झाडायची, सासू झाडायची, आता सून झाडते. दुखणंखुपणं सगळ्यांना असतं, म्हणून एक हंगाम चुकला तर कुणी काही म्हणत नाही. लागोपाठ दोन हंगाम खराटा लागला नाही, तर झाड दुसऱ्या घरी जातं.

सोमारीबाईचा एक हंगाम चुकला होता.

मोठ्या हाडापेराची, कमी बोलणारी बाई. आदल्या वर्षी हंगामाच्या तोंडावर, खराटा मारायच्या आधीच पडलेली पहिली फुलं ती आणि तिचा नवरा देवसूभाऊ आपल्या झाडाखाली वेचत होते, तेव्हा अस्वलाने देवसूभाऊंना धरलं. हात जुळून आला, डावा डोळा गेला. त्यानंतर सोमारीबाईने नाला ओलांडला नव्हता. आता दुसरा हंगाम लागला होता. तिचा दीर मनकू शेजारीच राहायचा; झाड सुटलं तर त्याच्याच घरी जाणार होतं. माणूस वाईट नव्हता. तो आंगणातूनच म्हणाला, "वहिनी, मी वाट पायतो. पन मोह कोनासाठी थांबत नाई."

ती ऐकून घेऊन आत गेली आणि दुसऱ्या सकाळी खराटा घेऊन बाहेर आली. वर्षभरात पहिल्यांदा. इतर आठ बायकाही टोपल्या घेऊन जमल्या. उजाडत होतं. कौशीबाई या टोल्यातल्या सगळ्यांत वडील बाईने कोंबड्यांना हाकलून माझ्यासाठी बाजेवर जागा केली, आणि मी रात्रभर खपून केलेली सुरक्षेची यादी वाचायला घेतली.

"एक. अस्वल पहाटे येतं, म्हणून पुरतं उजाडल्याशिवाय झाडाखाली जायचं नाही. दोन. अस्वल दिसलं तर पळायचं नाही. तीन. अस्वलाच्या आणि पिल्लाच्या मध्ये..."

टोपल्या खाली ठेवल्याचे आवाज आले. एक, मग दुसरी, मग सगळ्याच.

"ताई, झालं का वाचून?" कौशीबाईने विचारलं.

"अजून चार कलमं आहेत."

"त्याच्यातबी तोच हाय का?"

"कोण?"

"ज्याले तुमी मघापासून हाका मारून राह्यल्या तो."

दोघी-तिघी हसल्या. हसता हसता त्यांनी टोपल्या उचलल्या आणि आपापल्या घराकडे वळल्या. जंगलाच्या वाटेला लागताना त्याचं नाव काढायचं नसतं. काढलं की तो दिवस गेला. उद्या जाऊ. एवढं साधं होतं ते. मी या भागात पंधरा वर्षं काम करत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं, कारण ज्या गोष्टी लोक बोलत नाहीत त्यांची यादी करायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

सोमारीबाई हसली नव्हती. तिचा चेहरा उतरला. ती घरात गेली, खराटा आढ्याला अडकवला आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी यादी सुधारली. नावाच्या जागी काय लिहायचं ते बायकांनाच विचारलं. कुणी म्हाताराबाबा म्हणालं, कुणी काळाभाऊ. शेवटी बहुमताने पावना, म्हणजे पाहुणा, ठरला. मग यादी अशी झाली : पावना पहाटे येतो. पावना दिसला तर पळू नये. पावन्याची वाट अडवू नये. पावना जेवत असेल तर मागच्या पावली परत यावं.

"आता जमलं पाय," कौशीबाई म्हणाली. "माह्या भावाची बायको माहेरून येते तवा आमीबी हेच करतो."

बायका गेल्या, टोपल्या भरून आल्या. वस्तीभर तो गोड, किंचित आंबूस वास भरला. दुपारी मोह भाजून तीळ घालून लाडू वळले जायचे. ते खाऊन माझी बोटं चिकट आणि वहीची पानंही चिकट. मी समाधानात असायला हवं होतं. पण रोज सकाळी नऊऐवजी आठच बायका नाला ओलांडायच्या, आणि नववीचं दार बंद असायचं.

देवसूभाऊ ओट्यावर बसून दोर वळत असत. एका डोळ्याने नेमका पीळ देत. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, माझ्यामुळं झालं. मी नाव घेतलं."

"तुमच्यानं नाई झालं, ताई." त्यांनी दोर गुडघ्यावर ठेवला. "मांगच्या साली तिनं पायलं त्याले पयले. ओरडली. पुरं नाव घेऊन ओरडली. तवापासून तिले वाटते का तिनं बलावलं म्हून तो आला. तुमी वाचून राह्यल्या, अन् तिले तेच आयकू आलं."

"पण तुम्ही तिला सांगितलं नाही?"

"किती डाव! तो उठलाच होता. मी वाकून वाकून येचत त्याच्या आंगावर गेलो. तिचं ओरडणं मांगून आलं. देवाची आन घेऊन सांगतलं." ते हसले. "पन मी नवरा हाय न. तिले वाटते, तिले बरं वाटावं म्हून मी खोटं बोलतो. साधी गोष्ट हाय, ताई. जीव लावणाऱ्याची गवाही कोन धरते?"

हे मी त्या संध्याकाळी वहीत लिहिलं आणि त्याखाली उपाय म्हणून एक, दोन, तीन असे आकडे टाकले. तिन्हींपुढे काही सुचलं नाही.

रविवारी टोल्यामागच्या टेकाडावर फोन लागत असे. केतकी खोकत होती.

"औषध घेतलंस का?"

"औषध नाही, मध घेतला. आई, गंमत ऐक. माझ्या वसतिगृहाच्या दारावर एक आजी बसतात. काल इतका घसा धरला होता की मला रशियन शब्दच आठवेना. मी आपलं मराठीतच म्हटलं, मध, मध. आजी उठल्या आणि मधाची बरणी घेऊन आल्या!"

"खोकणाऱ्या मुलीला कुणीही मधच देईल," मी म्हटलं.

"आई, तू पण ना! त्यांच्यात मधाला म्योद म्हणतात. मेद म्हटलं तरी कळतं. आणि आमच्या वर्गातल्या बल्गेरियाच्या मुलीकडे सरळ मेदच."

मला अशा वेळी राहवत नाही. मी तिला म्हटलं, वर्गात आणखी कुठल्या कुठल्या मुली आहेत? विचार, लिही, पाठव. दोन दिवसांत तिने पाठवलं आणि मी तक्ता आखला. ती वही माझ्याकडे अजून आहे. रशियन म्योद. युक्रेनियन, चेक, स्लोवाक, सर्बियन, स्लोवेनियन, बल्गेरियन, सगळीकडे मेद किंवा त्याच्या अगदी जवळचं. पोलिश म्यूद. शेजारच्या लिथुआनियात मेदुस. आणि शेवटच्या रकान्यात, माझ्या अक्षरात : मधु, मध.

माझ्या शाळेतले संस्कृतचे गुरुजी तेव्हा आरमोरीला निवृत्त जीवन जगत होते. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आपल्याकडून शब्द तिकडे गेला असं समजून छाती फुगवू नकोस. तिकडून इकडेही आला नाही. हजारो वर्षांपूर्वी दोघांचा पणजा एकच भाषा बोलत होता. मुलं दोन दिशांना पांगली. एक लेक बर्फात गेली, एक इकडे आली. दोघींनी पदराच्या गाठीला तोच शब्द बांधून नेला." मग हसून म्हणाले, "त्या शब्दाचा अर्थ मध आणि मधाची दारू असा दोन्ही होता. आणि तू बसली आहेस कुठे? मधूकाखाली. मधूक म्हणजेच मोह."

मी वर पाहिलं. टेकाडावर एकच झाड होतं आणि ते मोहाचंच होतं. फुलं संपत आलेली, शेंड्याला तांबूस पालवी. किती दिवस मी त्याला फक्त फोनचं झाड म्हणत होते.

केतकी आता डॉक्टर होऊन गडचिरोलीच्या दवाखान्यात आहे. सकाळी उभ्याउभ्या भाकरीवर मध घालून खाते आणि घाईत असली की अजूनही "म्योद कुठंय?" असं ओरडते. मी बरणी देते. घरात एक वस्तू दोन नावांनी नांदते, त्याचं मला बरं वाटतं. पण त्या हंगामात तिने जे दुसरं पाठवलं त्याची किंमत तिला तेव्हा कळली नव्हती, मलाही नाही.

आजींनी तिला सांगितलं होतं की मधावरून आमच्याकडे अस्वलाचंही नाव पडलं आहे. रशियनमध्ये मेदव्येद. फोड करायची तर मध खाणारा. गुरुजींनी दुजोरा दिला : पुढचा तुकडा म्हणजे आपला अद्, खाणे. आजींचं मत वेगळं होतं. त्यांच्या गावात म्हणतात, मध कुठे आहे ते जाणणारा. पंडित म्हणतात खाणारा, गावकरी म्हणतात जाणणारा. जंगलात राहणाऱ्याला दोन्ही पटेल.

पण हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव एक होतं. तेच नाव संस्कृतात ऋक्ष म्हणून राहिलं, आपल्या जुन्या मराठीत रीस म्हणून. ग्रीक आणि लॅटिननेही आपापल्या परीने सांभाळलं. स्लाव लोकांकडे मात्र ते उरलंच नाही. जाणकार मानतात की त्यांचे शिकारी रानात त्याचं नाव घेत नसत. घेतलं तर तो येईल. म्हणून म्हणायचे, तो, मध खाणारा. आजोबांनी नाव घेतलं नाही, म्हणून बापाला ते क्वचित ऐकू आलं, आणि नातवाला कधीच नाही. नाव गेलं. टोपणनावच नाव होऊन बसलं. पुढे त्या टोपणनावाचीही धास्ती वाटली की काय कोण जाणे, युक्रेनियन लोकांनी त्याची अक्षरं मागेपुढे करून वेदमीद केलं, पोलिश लोकांनी सुरुवातच बदलून न्येजव्येज केलं, आणि रशियन माणसं लाडाने मिश्का म्हणू लागली. पावना म्हणावं तसं.

मी टेकाडावरून उतरले ती सरळ सोमारीबाईच्या घरी. झाडांवरचा मोह सरत आला होता. आणखी तीन-चार दिवस, मग फक्त पानं.

ती चुलीपुढे होती. देवसूभाऊ दारात, नेहमीसारखे दोराशी. कौशीबाई विस्तव न्यायला आली होती ती बसूनच राहिली. मी वही उघडली नाही. माझ्याच वहीने केलेलं नुकसान होतं, ते वहीने भरून निघणार नव्हतं.

"सोमारीबाई, माझी मुलगी जिथं शिकते न, तिथंही जंगल आहे. सहा महिने बर्फ असतो. तिथंही पावना आहे. भुरा असतो, आपल्यापेक्षा मोठा."

"मोह खाते?" कौशीबाईने विचारलं.

"मोह नाही तिथं. मध खातो. आणि तिथले लोकही जंगलात त्याचं नाव घेत नाहीत."

सोमारीबाईचा हात थांबला. "तिकडंबी?"

"इतकं घेतलं नाही, इतकं घेतलं नाही, की शेवटी विसरूनच गेले. आज तिथं कुणालाच त्याचं खरं नाव ठाऊक नाही. म्हाताऱ्यांना नाही, पोराबाळांना नाही. मध खाणारा म्हणतात, बस."

"सपा विसरले?"

"सगळे."

"बाप्पा!" कौशीबाई म्हणाली. "आमी त रोज मनात घेतो अन् तोंडात गिळतो. त्याईनं त गिळून पचवूनबी टाकलं."

सोमारीबाईने लाकूड मागे ओढलं. जाळ कमी झाला. मग तिने विचारलं, आणि तो प्रश्न मी कुठल्याही यादीत धरलेला नव्हता.

"मंग तिकडं तो मान्साले धरत नाई?"

मला खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर रीत खरी ठरली असती, आणि ती दोषी. पण मला त्या क्षणी एवढंच कळलं की इथे सोयीचं उत्तर द्यायचं नाही, खरं द्यायचं. केतकीने ते सहज सांगितलं होतं, आजींच्या गप्पांतलं म्हणून.

"धरतो. माझ्या मुलीच्या वसतिगृहात एक आजी आहेत. त्यांचा भाऊ रानात फळं वेचायला गेला होता. मध खाणाऱ्याने त्याचा खांदा फाडला."

"कोनी ओरडलं होतं?"

"एकटाच होता तो. ओरडायला कुणी नव्हतं. आणि ओरडलं असतं तरी काय ओरडणार? नाव तर कुणालाच माहीत नाही."

चुलीत लाकूड फुटलं. देवसूभाऊंचे हात थांबले होते, पण त्यांनी इकडे पाहिलं नाही. आपण पाहिलं तर पुन्हा आपली साक्ष मध्ये येईल, असं त्यांना वाटलं असावं. सोमारीबाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी तिची कुणी नव्हते. त्या आजी तर मुळीच नव्हत्या. हजारो कोसांवरच्या त्या बाईला, जिने मुरमाटोल्याचं नावही ऐकलेलं नाही, सोमारीबाईला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "नावानं नाई येत तो."

"फळं होती म्हणून आला तिथं."

"अन् इथी मोह होता म्हून," देवसूभाऊ दोराकडे बघत म्हणाले.

"तुमी चूप बसा," सोमारीबाई म्हणाली. वर्षभरात तिने नवऱ्याला दटावलं नसावं, कारण कौशीबाई फिसकन हसली आणि विस्तव न घेताच घरी गेली.

सकाळी पुरतं उजाडल्यावर आम्ही दहा जणी नाला उतरलो. सोमारीबाईचं झाड जुनं, दोघींच्या कवेत न मावणारं. त्याखाली दोन वर्षांचा पाचोळा साचला होता. तिने कुणाला हात लावू दिला नाही. बुंध्यापासून सुरुवात करून बाहेर बाहेर गोल खराटा मारत गेली. वाळकी पानं, जुनी सालं, वाळवीची माती. पानांखालून लाल जमीन वर आली. तिथे, त्या जागी, ती एकदा थांबली. मग खराटा त्या जागेवरूनही फिरला, बाकीच्या जमिनीवर फिरला तसाच, कमी नाही, जास्त नाही.

झाड पुरतं सरलं नव्हतं. उन्हं वर येईपर्यंत एकेक फूल टप टप येत राहिलं. एवढ्या उशिरा पडणारी फुलं थोडी, पण रसरशीत असतात. अर्धी टोपलीही भरली नाही. नाल्याकाठी मनकू उभा होता. त्याने झाडलेली जमीन पाहिली, टोपली पाहिली. "बरं झालं, वहिनी," एवढं म्हणाला आणि स्वतःच्या झाडाकडे वळला. मला वाटतं तो मनापासून म्हणाला.

सोमारीबाईने पळसाचं पान घेतलं, पहिली ओंजळ त्यावर ओतली आणि पान बुंध्यापासून वीसेक पावलांवर, करवंदीच्या जाळीशी नेऊन ठेवलं. पावन्याच्या वाट्याची. ही रीत मी आधी पाहिली होती, पण तिच्या हातून नव्हती.

"आता नाव घ्याल का त्याचं?" मी उगीच विचारलं. मला तिला हसवायचं होतं.

तिने टोपली कमरेवर घेतली आणि जाळीकडे पाहिलं.

"नाई जी," ती म्हणाली. "पयले भेवानं नवती घेत. आता रीत म्हून नाई घेनार."

आणि ती पुढे चालू लागली, आम्हा सगळ्यांच्या पुढे.